वॉशिंग मशीनमध्ये पावडर किती घालावी? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

दुरुस्तीसाठी येणाऱ्या फोनांमध्ये तीन तक्रारी सारख्या असतात. धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. टॉवेल वाळल्यावर कडक होतात. आणि मशीन तासाभराचं काम दीड-दोन तास करत बसते, नाहीतर मध्येच थांबून एरर दाखवते. ऐकायला तिन्ही वेगळ्या वाटतात, म्हणून कोणी पाण्याला दोष देतं, कोणी कंपनीला, कोणी पावडरचा ब्रँड बदलून बघतं. प्रत्यक्ष जाऊन मशीन उघडली की बहुतेक घरांत कारण एकच निघतं: पावडर किंवा लिक्विड गरजेपेक्षा जास्त पडतंय.

हे माहितीपत्रक त्यासाठीच आहे. मशीन कशी सुरू करायची, कुठलं बटण कशाचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पावडरच्या मापाबद्दल मात्र आम्ही जरा खोलात जाऊन सांगणार आहोत, कारण आमचा आणि तुमचा सर्वात जास्त वेळ तिथेच जातो.

फेस आणि स्वच्छता

हाताने कपडे धुताना फेस दिसला की काम होतंय असं वाटतं, आणि तीच सवय मशीनपाशीही राहते. फ्रंट लोड मशीन वेगळ्या पद्धतीने धुते. ड्रम फिरताना कपडे वर उचलले जातात आणि वरून खाली पाण्यात आदळतात. मळ सुटतो तो त्या आदळण्याने, एकमेकांवर घासण्याने आणि पावडरमधल्या रसायनांनी. फेस जास्त झाला की कपडे त्याच्यावर अलगद पडतात आणि मार बसतच नाही. म्हणजे पावडर वाढवली की धुलाई कमी होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण असंच होतं.

पुढचा त्रास पाणी काढताना होतो. पंप पाणी सहज खेचतो, फेस त्याला खेचता येत नाही. पाण्याची पातळी मोजणारी बारीक नळी आणि सेन्सर असतो, फेसामुळे त्याचाही अंदाज चुकतो. बऱ्याच नव्या मशीन फेस ओळखतात आणि थांबून तो बसायची वाट बघतात, मग जादा पाणी घेऊन पुन्हा खळबळतात. डिस्प्लेवर नऊ मिनिटं उरलेली दिसतात आणि ती नऊ मिनिटं अर्धा तास संपत नाहीत, ती याच कारणाने. मशीन बिघडलेली नसते. तुम्ही घातलेली जादा पावडर बाहेर काढायचं काम ती करत असते.

सगळी पावडर तरीही निघत नाही. आपल्याला दिसतो तो स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लास्टिकचा टब असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत कोणाचा हात पोचत नाही. आम्ही मशीन खोलतो तेव्हा ड्रमच्या पाठीवर राखाडी थर दिसतो. नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. न विरघळलेली पावडर, सॉफ्टनर, पाण्यातले क्षार, अंगाचं तेल आणि कपड्यांची तुसं, सगळं त्यात एकत्र झालेलं असतं. या ओल्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढते. कपड्यांना वास येतो तो इथून, म्हणून पावडर आणखी घालून तो जात नाही, उलट वाढतो.

ड्रमच्या मागे त्याला धरून ठेवणारा तीन पायांचा आधार असतो. आमच्या धंद्यात त्याला स्पायडर म्हणतात. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो थर ओलसर असतो आणि त्यातली पावडर अल्कधर्मी, त्यामुळे हा धातू हळूहळू खाल्ला जातो. मग एक दिवस स्पिनच्या वेळी धडधड सुरू होते. हे काम मोठं असतं. जुन्या मशीनच्या बाबतीत ते करून घेण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न आम्हाला ग्राहकांसमोर ठेवावा लागतो, आणि तो ठेवताना आम्हाला वाईट वाटतं, कारण नेमकं हेच टाळता आलं असतं.

घरच्या घरी तपासा

धुऊन वाळवलेले तीन-चार टॉवेल घ्या. मशीनमध्ये टाका. पावडर, लिक्विड, सॉफ्टनर काहीही घालू नका. नेहमीचा प्रोग्राम लावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी काचेतून बघा. पाणी स्वच्छ दिसलं तर तुमचं माप बरोबर आहे. काचेवर फेसाचा पट्टा चढला, तर तो फेस मागच्या धुलाईंमध्ये टॉवेलमध्येच राहून गेलेल्या पावडरचा आहे. तसं झालं तर टॉवेल बिनपावडरचे आणखी एकदा फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच त्यांचा कडकपणा उतरतो आणि ते पाणी टिपायला लागतात.

आता माप. पाकिटावर एक तक्ता असतो, त्यात तीन गोष्टी बघायच्या: कपडे किती, किती मळलेले आणि पाणी जड की हलकं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरचा काही भाग खाऊन टाकतं, त्यामुळे तिथे थोडी जास्त लागते. तुमचं पाणी जड असेल तर आमचं ऐकून एकदम कमी करू नका, नाहीतर कपडे काळपट पडतील आणि हीटरवर क्षार चढेल. पाणी हलकं किंवा मध्यम असेल तर आज जेवढी घालता त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. दोन-तीन धुलाई बघा. कॉलर आणि बाह्या स्वच्छ निघत असतील तर तेच तुमचं माप. नसतील तर थोडी वाढवा.

मापाच्या चमच्याच्या किंवा झाकणाच्या आत रेषा असतात, त्या बघा. रोजच्या कपड्यांची रेषा बहुधा काठाच्या बरीच खाली असते, आणि काठोकाठ भरायची सवय सगळ्यांनाच असते. घरात मशीन लावणारे तीन-चार जण असतील तर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. म्हणून तुमचं माप ठरलं की चमच्यावर पर्मनंट मार्करने रेघ मारून ठेवा आणि बाकीचे चमचे तिथून उचलून टाका. तोंडी सूचना आठवड्याभरात विसरल्या जातात, रेघ राहते.

फ्रंट लोडसाठी कमी फेसाची पावडर किंवा लिक्विडच वापरा. हाताने धुण्याच्या पावडरीला फेस जास्त येतो आणि ती या मशीनसाठी नसते. लिक्विड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पावडरीत बऱ्याचदा ऑक्सिजन ब्लीच असतं, लिक्विडमध्ये ते सहसा नसतं. त्यामुळे वर्षभर फक्त लिक्विड आणि थंड पाणी वापरलेल्या मशीनमध्ये बुरशी लवकर धरते. महिन्यातून एकदा पांढरे कपडे किंवा टॉवेल पावडर घालून 60 अंशांवर धुतले तर मशीनही धुतली जाते.

घाईचा प्रोग्राम

गडबडीच्या घरांतून आम्हाला सर्वात जास्त फोन येतात आणि त्यामागे बहुतेक वेळा हे असतं. वेळ नाही म्हणून 15 किंवा 30 मिनिटांचा प्रोग्राम लावायचा, दोन वेळचे कपडे एकदम कोंबायचे आणि एवढ्या कमी वेळात निघावेत म्हणून पावडर दुप्पट घालायची. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला बिघडवते. हा प्रोग्राम थोड्या, जेमतेम मळलेल्या कपड्यांसाठी बनवलेला असतो. त्यात खळबळण्याचा वेळ कमी असतो, पाणी फारसं तापत नाही. भरलेला ड्रम आणि दुप्पट पावडर त्याला झेपत नाही. मग कपड्यांवर पांढरे डाग राहतात, पुन्हा खळबळावं लागतं आणि वाचवलेली अर्धी घटका दुप्पट होऊन परत जाते.

घाई असेल तर कपडे कमी घाला आणि पावडर त्याहून कमी. रोजचे कपडे नेहमीच्या लांब प्रोग्रामवरच धुवा आणि वेळ वाचवायचा तो डिले स्टार्टने. रात्री कपडे भरून ठेवा आणि तुम्ही उठता त्याच्या थोडं आधी धुलाई संपेल असं लावा. धुऊन झालेले ओले कपडे ड्रममध्ये तासन् तास राहिले तर वास येणारच, मग पावडर कितीही मोजून घातलेली असो. आठवड्याचे कपडे साठवून एका दिवशी चार फेऱ्या काढण्यापेक्षा एक दिवसाआड एक फेरी बरी पडते. वाळत घालायला जागा पुरते आणि डागही जुने होत नाहीत.

कपडे किती भरायचे याची साधी खूण: भरल्यावर वरून तळहात उभा घालून बघा, तो सहज गेला पाहिजे. मशीनवर लिहिलेले 7 किंवा 8 किलो हे कोरड्या सुती कपड्यांचं आणि कॉटन प्रोग्रामचं वजन असतं. सिंथेटिकसाठी ते बरंच कमी असतं, आकडा तुमच्या पुस्तिकेत आहे. एकटी जड चादर मात्र घालू नका. ती एका बाजूला गोळा होते, तोल जातो आणि स्पिन होत नाही. सोबत दोन टॉवेल टाका.

फिल्टर

फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे ड्रेन पंपाचा फिल्टर. तो महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायचा. आधी स्विच बंद करून प्लग काढा, आतलं पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली उथळ ट्रे आणि फडका ठेवा, मग फिल्टर हळूहळू फिरवा म्हणजे पाणी एकदम अंगावर येणार नाही. नाणी, केसांच्या पिना, मोजे, बटणं, टिश्यू पेपरचा लगदा, हे सगळं तिथे सापडतं. परत बसवताना पूर्ण आवळा, नाहीतर पुढच्या धुलाईला जमिनीवर पाणी येईल. टॉप लोडमध्ये तुसं धरणारी जाळी आतच असते, ती प्रत्येक धुलाईनंतर झटका.

खिसे तपासायचं काम धुणाऱ्याकडे ठेवू नका. ज्याचा कपडा त्याने खिसा रिकामा करून बादलीत टाकायचा, हा नियम घरात लागला की आमच्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

काय घालू नये

टॉवेलला सॉफ्टनर नको. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालायचा सल्ला खूप फिरतो. एक आम्ल, दुसरा अल्क, दोघं एकमेकांना निष्क्रिय करतात. बुडबुडे दिसतात, सफाई होत नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: क्लोरीनचं ब्लीच आणि क्षार काढायची आम्लयुक्त पावडर कधीही एकत्र घालू नका, एका पाठोपाठही नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

धुऊन झाल्यावर दाराचं रबर घडी उघडून पुसा, पावडरचा खण बाहेर ओढून ठेवा आणि दार थोडं उघडं राहू द्या. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवताना आधी ते पोचणार नाही याची खात्री करा. ते जमणार नसेल तर पुसून दार बंदच ठेवा.

आमच्या पद्धतीबद्दल

फोनवर आम्ही आधी बरेच प्रश्न विचारतो: किती पावडर घालता, कुठला प्रोग्राम, फिल्टर कधी काढला होता. काही ग्राहकांना हे टाळाटाळीसारखं वाटतं. पण फिल्टर धुऊन सुटणाऱ्या कामासाठी माणूस पाठवून व्हिजिटचे पैसे घेणं आम्हाला योग्य वाटत नाही. फोनवरच्या सल्ल्याचे आम्ही पैसे घेत नाही. माणूस घरी आला की मात्र व्हिजिट चार्ज लागतो, मग फिल्टरमधून फक्त नाणं निघालं तरी. येण्याजाण्याचा वेळ आणि तपासणीचं कौशल्य तेवढंच लागलेलं असतं.

आमचा माणूस मशीन एकदा रिकामी फिरवून फेस बघतो, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्याला घाई करू नका. त्या एका फेरीत पार्ट बदलायचा की नाही ते कळतं, आणि पार्ट न बदलता काम होत असेल तर आम्ही तो बदलत नाही.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्याल तर त्यात पाणी आत येण्याच्या नळीची जाळी, पावडरचा खण, फिल्टर, पंप, रबर आणि मशीनची पातळी, सगळं बघून होतं. जड पाण्याच्या घरांत हीटरही तपासतो. सुट्ट्यांच्या आधीच्या दिवसांत आमच्याकडे गर्दी असते, तेव्हा थोडं आधी सांगितलंत तर तुमच्या सोयीची वेळ देता येते. नंबर तुमच्या पावतीवर आहे. फोन करताना मशीनचा मॉडेल नंबर जवळ ठेवा. दार उघडल्यावर आतल्या कडेला किंवा पाठीमागे स्टिकर असतो, त्यावर तो छापलेला असतो. एरर दाखवत असेल तर मशीन बंद करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.