व्हॅटिकनचं सोन्याचं नाणं इटलीत चालतं का?

नाण्यावर ‘20 युरो’ छापलंय म्हणजे ते युरोच्या कुठल्याही देशात चालतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. 17 डिसेंबर 2009 च्या व्हॅटिकन आणि युरोपीय संघाच्या चलन-करारानुसार संग्राहकांसाठीची नाणी संघात कायदेशीर चलन नाहीत. रोमचा दुकानदार ती नाकारू शकतो. सगळीकडे चालतं ते 2 युरोचं स्मरणार्थ नाणं. गल्लत इथेच होते.

खर्च करणंही वेडेपणाच. 20 युरोचं नाणं 6 ग्रॅमचं, शुद्धता 917, म्हणजे आपलं 22 कॅरेट. त्यात साडेपाच ग्रॅम शुद्ध सोनं. घेताना 0.01 ग्रॅमच्या काट्यावर तोला. आणि कृपा करून पॉलिश करू नका. आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात, भाव उतरतो.