सुरकुती वेगळी, घडीवर चिरणं वेगळं

सुती साडी बॅगेत कशी भरायची हे सांगायला नको. चुरगळलीच तर इस्त्री फिरवली की झालं. हाच हिशेब पैठणीला लावला जातो आणि तिथे घोटाळा होतो. ‘एकही सुरकुती पडली नाही, म्हणजे साडी सुखरूप पोचली’ ही समजूत साफ चुकीची आहे. कडक इस्त्रीची, चापून घडी घातलेली पैठणी दिसते देखणी, पण तिची हानी त्या घडीवरच होत असते.

सुरकुती म्हणजे रेशीम तात्पुरतं दबणं. साडी रात्रभर दांडीवर टाकली की बऱ्याचशा सुरकुत्या आपोआप उतरतात. उरलेल्यांसाठी उलट बाजूने, मध्ये मलमलचं फडकं घालून, रेशमाच्या तापमानावर इस्त्री करा. पाणी मात्र शिंपडू नका, रेशमावर डाग उमटतात.

घडीवर चिरण्याला असा उपाय नाही. जरीचा धागा म्हणजे साधा दोरा नव्हे. अस्सल जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्याभोवती चांदीची चपटी, अगदी बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. तार एकाच जागी पुन्हापुन्हा दुमडली की आधी सैल होते, मग तुटते आणि तिची टोकं शेजारच्या रेशमाला घासत राहतात. पदर उजेडात धरून घडीच्या रेषेवरून हलकेच बोट फिरवा. जरतार तिथे निस्तेज दिसली, बोटाला खरखरली, तर चिरायला सुरुवात झालीच आहे. पुढे हातात उरतं ते फक्त रफू. घडीच्या कडेवर इस्त्री दाबणं म्हणूनच टाळा. हवा काढून साडी चपटी करणाऱ्या व्हॅक्यूम पिशव्याही पैठणीसाठी नकोतच. जागा वाचते, पण प्रत्येक घडी धारदार होते.

उपाय आहे गुंडाळीचा. पैठणीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे सुमारे ११४ सेंटिमीटर असतो. लांबीच्या दिशेने एकदा दुमडली तर ती ५५ सेंटिमीटरच्या केबिन बॅगेत मावत नाही, म्हणून दोनदा दुमडा. रुंदी २८-२९ सेंटिमीटरवर येते. या उभ्या दुमडी पदराच्या जरीलाही आडव्या जातात, तेव्हा पदरापुरती प्रत्येक दुमडीत जुन्या सुती धोतराची बोटभर जाडीची वळकटी घाला. दुमड टोकदार न राहता गोलसर होते. मग टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी करा, तिच्यावर मलमल लपेटा आणि कमरेला खोचायच्या टोकापासून साडी सैलसर गुंडाळत न्या. पदर सर्वांत शेवटी, बाहेरच्या वेढ्यात यायला हवा. तिथे वळण सर्वांत मोठं असतं, त्यामुळे तारेवर ताण सर्वांत कमी. पदरापासून सुरुवात केली तर सगळी मेहनत उलटी पडते. वरून पुन्हा मलमल, आणि बांधायला कापडी नाडी. रबरबँड नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते, दोन्ही नकोत. पिना काढल्यात ना, ते बघा. अत्तराची बाटली त्या बॅगेत ठेवूच नका. गुंडाळी बॅगेत सर्वांत वर ठेवा, तिच्यावर चपला किंवा फराळाचे डबे रचू नका. ब्लाउजचं नेहमीचंच, बाह्यांत मऊ कापड भरून वेगळा ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर साडीची गुंडाळी लगेच सोडा. नेसून झाल्यावर घामाचा ओलावा जाईपर्यंत सावलीत पसरून ठेवा. परतीसाठी गुंडाळताना उभी दुमड आधीच्या रेषेवर येऊ देऊ नका, चार बोटं बाजूला सरकवा.