थायरॉईडची गोळी आणि थुंकीतून येणारं रक्त

थायरॉईडची गोळी म्हटलं की बहुतेकांना सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी आठवते. हे तिच्याबद्दल नाहीये, त्यामुळे ती घेणाऱ्यांनी अजिबात घाबरू नका. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते, वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, तेव्हा ज्या गोळ्या देतात ना, कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल म्हणजे पीटीयू, त्यांच्याबद्दल आहे हे.

या गोळ्या थायरॉईडमधल्या पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमला अडवतात म्हणून हार्मोन कमी बनतं. पण त्याच घराण्यातलं मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम आपल्या पांढऱ्या पेशींतही असतं, जंतू मारायला. पीटीयू त्यालाही जाऊन चिकटते आणि त्याचं रूप बदलतं असं मानतात, मग शरीराला आपलंच एन्झाइम परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज बनतात, त्यांना अँका म्हणतात. बऱ्याच जणांच्या रक्तात त्या नुसत्या सापडतात, त्रास काहीच नसतो. पण क्वचित कुणाच्या तरी पांढऱ्या पेशी त्यांच्यामुळे खवळतात आणि बारीक रक्तवाहिन्यांवरच तुटून पडतात. फुप्फुसात हवेच्या पिशव्यांभोवती अशाच वाहिन्यांचं जाळं असतं, ते फुटलं की रक्त सरळ त्या पिशव्यांत. मग दम लागतो, खोकल्यातून रक्त पडतं, हिमोग्लोबिन घसरतं. कधीकधी किडनीलाही झळ बसते आणि लघवीतून रक्त जातं.

मला यातलं सगळ्यात काळजीचं वाटतं ते वेगळंच. हे गोळी सुरू केल्यावर लगेच होईल असं नाही, कित्येक वर्षं ती बिनतक्रार घेतल्यावरही होऊ शकतं, त्यामुळे त्या जुन्या गोळीवर कुणाचा संशयच जात नाही. एक्स-रेमधले डाग न्यूमोनियासारखे दिसतात, रक्त पडतंय म्हटल्यावर टीबीचीही शंका येते, आणि पेशंट थायरॉईडचं सांगायचंच विसरतो, कारण छातीच्या डॉक्टरला ते कशाला सांगायचं असं वाटतं. तर सांगा, आवर्जून सांगा, रक्त पडलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वेळेत कळलं तर पहिला उपाय म्हणजे डॉक्टर ती गोळी बंद करतात, आजार जोरात असेल तर स्टेरॉईड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. पीटीयूच्या जागी मेथिमाझोल देणं सहसा टाळतात, कारण तिच्यानेही हेच होऊ शकतं, पीटीयूपेक्षा कमी वेळा होतं इतकंच. मग वाढलेल्या थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन हेच मार्ग उरतात.