धडावर दुसरे डोके: पडद्यावरच्या मानेची गोष्ट

गणपती, नृसिंह, हयग्रीव, यज्ञात मुंडके गमावून बोकडाचे लावून घेतलेला दक्ष. माणसाच्या धडावर प्राण्याचे डोके पाहण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. कोकणातल्या दशावतारात गणपती सोंडेचा मुखवटा चढवून येतो, आणि मुखवट्याची कड हार-दागिन्यांखाली झाकून टाकता येते. कॅलेंडरच्या चित्रकारालाही हीच सोय. कॅमेऱ्यापुढे ती पुरत नाही, कारण डोके वळते, झुकते आणि बघणाऱ्याची नजर नेमकी सांध्यावर जाते. गेल्या सव्वाशे वर्षांत प्राण्याचे डोके मिळवणे त्या मानाने सोपे होते. खरा घोळ झाला तो माणसाचे मूळ डोके नाहीसे करताना आणि मान जुळवताना.

या कामाची सुरुवात जादूगारांनी केली. पॅरिसमध्ये जादूच्या प्रयोगांचे नाट्यगृह चालवणाऱ्या जॉर्ज मेलिएसने १८९८ मध्ये जेमतेम मिनिटभराचा एक चित्रपट केला. त्यात तो स्वतःचे डोके उतरवून टेबलावर ठेवतो. लगेच नवे उगवते, तेही उतरवतो. मग बँजो वाजवायला बसतो आणि ओरडून गाणाऱ्या डोक्यांना वैतागून बँजोनेच त्यातली दोन गप्प करतो! युक्ती काळ्या पडद्याची. काळ्या कापडावरून प्रकाश जवळजवळ परतत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म उलटी गुंडाळायची आणि त्या कोऱ्या जागेत दुसरे चित्र उमटवायचे. कॅमेरा हाताने फिरवायचा, एका फेऱ्याला साधारण ८ फ्रेम. फेऱ्यांचा हिशोब चुकला की डोके एकीकडे, धड दुसरीकडे.

आपल्याकडे दादासाहेब फाळकेही जादूगारच. आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' नावाने ते प्रयोग करत. त्यांच्या १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाचे डोके धडावेगळे होऊन वर जाते आणि परत जागेवर येऊन बसते. फिल्मवर रसायनांनी आणि हाताने सगळे निस्तरण्याच्या काळात हे धाडसच म्हणायचे.

यातला सर्वांत बारकाईने पाहण्याजोगा टप्पा १९३३ चा, अमेरिकेतल्या 'द इन्व्हिजिबल मॅन'चा. त्यात डोके बदलत नाही, नुसते गायब होते, म्हणजे निम्मे काम तेच. जॉन फुल्टन यांनी नटाला आपादमस्तक काळ्या मखमलीत गुंडाळले, वर नेहमीचे कपडे चढवले आणि काळ्याच पार्श्वभूमीपुढे उभे केले. त्या चित्रणावरून मॅट, म्हणजे आकाराचा मुखवटा, तयार करून कपडे मूळ दृश्यात बसवले. पण डोके नसलेल्या माणसाच्या सदऱ्याच्या कॉलरची मागची आतली बाजू दिसायला हवी, आणि ती तर नटाच्या मानेआड दडलेली! अशा खोटी सुमारे ६४ हजार फ्रेमवर हाताने काम करून दुरुस्त कराव्या लागल्या. पुढे १९३७ मध्ये विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया'साठी बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू नाचवल्या आणि 'काला धागा' हे टोपणनाव कायमचे मिळवले.

काळ्याची अडचण अशी की सावलीही काळीच असते. म्हणून रंग आला. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'साठी लॅरी बटलर यांनी निळा पडदा वापरला आणि ऑस्कर मिळवले. तरी केसांच्या कडांना निळी झालर उरायचीच. १९५९ च्या 'बेन-हर'साठी पेट्रो व्लाहोस यांनी रंगांच्या फरकावर आधारलेली पद्धत बसवली, तेव्हा केस, धूर आणि काच यांसारख्या अर्धपारदर्शक गोष्टी पडद्यातून नीट सुटू लागल्या. सिंहाची आयाळ किंवा अस्वलाची लव माणसाच्या खांद्यावर बसवणाऱ्याने या गृहस्थाचे आभार मानायला हवेत. हीच कल्पना आकड्यांत आणली ती प्रत्येक पिक्सेल किती झाकतो हे सांगणाऱ्या अल्फाने. त्याचे गणित टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले आणि आजचे बहुतेक सगळे सॉफ्टवेअर त्यावरच चालते. डिजिटल काळात हिरवा पडदा वरचढ ठरला, कारण बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरव्यासाठी लाल किंवा निळ्याच्या दुप्पट जागा असतात.

एवढे होऊनही मान सुटलेली नाही. आयाळवाला सिंह बसवा, माणसाचे डोके आणि मान दोन्ही आयाळीखाली जातात. बगळा बसवून पाहा. बगळ्याची मान बारीक, माणसाची जाड. उरलेली कातडी पुसायची, तर तिच्यामागची भिंत हवी. म्हणून कॅमेरा न हलवता नटाशिवायचे रिकामे दृश्यही घेऊन ठेवतात. त्याला क्लीन प्लेट म्हणतात. ती घ्यायची राहिली की संपादकाला भिंत फ्रेमगणिक रंगवावी लागते. मग नटाच्या डोक्यावर खुणेसाठी लावलेले ठिपके ट्रॅक करून, म्हणजे ते फ्रेमगणिक कुठे सरकतात ते टिपून, नवे डोके त्यांना बांधायचे. मान नुसती कलली तर दोन ठिपके पुरतात; वळली की सपाट चित्र उघडे पडते आणि त्रिमितीय डोकेच लागते. उजेडाची दिशा आणि हलताना येणारा धूसरपणाही जुळायला हवा. फोनवर चित्रीकरण केले असेल तर आणखी एक भानगड: फाइल लहान ठेवण्यासाठी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी साठवली जाते, आणि लवेच्या कडा करवतीसारख्या दातेरी येतात.

२०१५ च्या सुमारास स्नॅपचॅटने फोनवर चेहऱ्याचे फिल्टर आणले आणि वरवर पाहता सगळे सोपे झाले. या फिल्टरांनी मानेचा प्रश्न सोडवला नाही, सरळ टाळला. कान वर, नाक मध्ये, गळा ज्याचा त्याचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या एका न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत एक वकील मांजराच्या पिल्लाच्या रूपात हजर झाले आणि आपण मांजर नसल्याचे न्यायाधीशांना सांगू लागले. ती चित्रफीत जगभर फिरली. तिथे धडच दिसत नव्हते. पडदाभर नुसते मांजराचे तोंड होते, म्हणून सांधा लपवायची वेळच आली नाही.