नापास आइन्स्टाइन

नापास आइन्स्टाइन : भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) शाळेत गणितात नापास झाले होते, अशी जगभर सांगितली जाणारी दंतकथा. दहावीच्या निकालाच्या दिवसांत कोल्हापुरात ती हमखास कानावर पडते : क्लासच्या कार्यक्रमात, गुणगौरव समारंभाच्या भाषणात, नाहीतर कमी गुण पडलेल्या भाच्याची समजूत काढणाऱ्या मामाच्या तोंडून. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. माहिती मात्र चुकीची आहे.

आइन्स्टाइन गणितात कधीही नापास झाले नाहीत. त्यांचे काका याकोब हे इंजिनिअर. त्यांनी पुतण्याला बीजगणिताची गोडी लावली. माक्स तालमुद नावाचा एक गरीब वैद्यकीय विद्यार्थी दर आठवड्याला त्यांच्या घरी जेवायला येई, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वार लावून जेवणारा मुलगा. त्याने आणून दिलेले भूमितीचे पुस्तक आइन्स्टाइननी बाराव्या वर्षी वाचून काढले. स्वित्झर्लंडमधील आराऊच्या शाळेतून १८९६ मध्ये मिळालेल्या प्रमाणपत्रावर बीजगणित आणि भूमितीत सहापैकी सहा गुण आहेत. फ्रेंचमध्ये तीन.

अफवेला एक कारण असे दिले जाते की, त्या शाळेत गुण देण्याची पद्धत त्याच सुमारास उलटी झाली. आधी १ हा सर्वोत्तम गुण होता, पुढे ६ सर्वोत्तम ठरला. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या नजरेने पाहणाऱ्याला हुशार मुलगा ढ दिसला असणार. कारण काहीही असो, आइन्स्टाइन हयात असतानाच ही गोष्ट वृत्तपत्रांतून छापून येत होती. १९३५ मध्ये प्रिन्स्टनमध्ये एकाने ‘रिप्लेज बिलीव्ह इट ऑर नॉट’ या सदराचे असेच एक कात्रण त्यांना दाखवले, तेव्हा ते हसले. आपण गणितात कधीच नापास झालो नव्हतो आणि पंधरा वर्षांचे होण्याआधीच कॅल्क्युलस शिकलो होतो, असे त्यांनी सांगितले. ही गोष्ट खोडून काढायला खुद्द आइन्स्टाइनही पुरे पडले नाहीत.

त्यांच्या शालेय जीवनात अडचणी नव्हत्या असे नाही. त्या निराळ्या होत्या. लहानपणी ते उशिरा बोलू लागले. म्यूनिकच्या शाळेतील घोकंपट्टी आणि लष्करी थाटाची शिस्त त्यांना सोसवली नाही. ग्रीक शिकवणाऱ्या शिक्षकाने हा मुलगा आयुष्यात काही करणार नाही असे भाकीत केले होते. १८९४ च्या अखेरीस त्यांनी ती शाळा अर्ध्यावर सोडली. पुढच्या वर्षी सोळाव्या वर्षीच त्यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. नेहमीचे वय अठरा. गणित आणि भौतिकीत ते चमकले, पण भाषा वगैरे सर्वसाधारण विषयांत कमी पडले आणि प्रवेश हुकला. खऱ्या अर्थाने नापास होणे ते हेच, आणि दंतकथेत नेमके हेच नसते.

दंतकथेत त्यापुढचे आराऊही नसते. पॉलिटेक्निकच्या प्रमुखाच्या सल्ल्यावरून आइन्स्टाइन त्या गावी एक वर्ष शिकले आणि योस्ट विंटेलर या शिक्षकांच्या घरी राहिले. तिथे पाठांतरापेक्षा पाहण्या-विचारण्याला मोल होते. प्रकाशकिरणाच्या मागे त्याच वेगाने धावत गेलो तर काय दिसेल, हा प्रश्न त्यांना सोळाव्या वर्षीच पडला होता. १९०५ मध्ये त्यांनी मांडलेल्या विशिष्ट सापेक्षतेच्या सिद्धांताकडे जाणारी वाट तिथून निघते. मधल्या काळात पदवी मिळूनही त्यांना कोणी साहाय्यकाची जागा दिली नाही, आणि १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी धरावी लागली. एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाणारी ही कहाणी खरे तर बदललेल्या शाळेची आणि राहण्या-जेवण्याच्या सोयीची आहे.

कोल्हापूरला ही बाजू समजावून सांगावी लागू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. त्यांतली काही दसरा चौकाच्या परिसरात आजही दिसतात. खेड्यातल्या पोराला शहरात छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच शाळा, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

सापेक्षतेचा कोल्हापूरशी संबंध मात्र नापासांकडून येत नाही. विष्णू वासुदेव नारळीकर (जन्म १९०८, कोल्हापूर) केंब्रिजला रँग्लर (गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण) झाले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी सापेक्षतेवर संशोधन केले. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा जन्मही कोल्हापूरचा. तेही रँग्लर. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. बनारसच्या घरात फळा होता आणि मोरूमामा त्यावर भाच्यासाठी गणिताचे आव्हान लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत ते पुसले जात नसे. म्यूनिकला काका, बनारसला मामा.

गणितात खरोखर अडलेला विद्यार्थी कोल्हापूरला हवाच असेल तर तो वैज्ञानिकांत नाही, भाऊराव पाटलांच्या रूपाने आहे (जन्म १८८७, कुंभोज). राजाराम हायस्कूलमध्ये त्यांचे गणित कच्चे राहिले. शाहू महाराजांनी शब्द टाकूनही शिक्षक बधले नाहीत. भाऊराव बसतो त्या बाकाला एकवेळ वरच्या वर्गात घालीन, पण भाऊरावला नाही, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानायची गरज नाही, पण भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत हे खरे. जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागल्यावर महाराजांनीच त्यांना आसरा दिला होता. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले, ते शाहू महाराजांच्या नावाने.