जत्रेच्या नाटकाची कॅसेट मोबाइलवर येईपर्यंत

गोव्यात जत्रेला, काल्याला देवळासमोर होणाऱ्या मराठी नाटकांची जुनी चित्रणे आज मोबाइलवर फिरतात, पण नायक कोण नि खलनायक कोण हे आवाजावरून ओळखावे लागते. दोष बहुतेक वेळा मूळ कॅसेटचा नसतो. प्रत्येक मुक्कामावर थोडे थोडे सांडत गेले.

व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेट जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ साली आणली. आपल्याकडे टीव्हीची पॅल पद्धत: ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे, तीही सम-विषम ओळींच्या ५० अर्धचित्रांत. कॅसेटवरून कॅसेट काढली की रंग फिके पडत. तोटा निदान दिसे तरी.

१९९३ची व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओची सीडी, व्हीएचएसच्या तोडीची मानली गेली. पण ३५२ बाय २८८ ठिपक्यांत ओळी निम्म्या झाल्या, ५० अर्धचित्रांची २५ झाली आणि फुगडीची गिरकी झटके खाऊ लागली. चित्र दाबून लहान करणाऱ्या एमपेग-१ या तिच्या पद्धतीला सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट मिळत, त्यामुळे रंगमंचावरच्या धुराचे चौकोन व्हायचे. तबकडी ७४ मिनिटांची, म्हणजे तीन तासांच्या नाटकाला तीन तबकड्या. ‘सीडी मारून घेतली’ म्हणून मूळ कॅसेट टाकून देणे महागात पडले.

१९९५च्या डीव्ही कॅसेटवर चित्र जन्मतःच अंकीय (डिजिटल) होते. फायरवायर केबलने संगणकात घेतले की बिटला बिट जुळे, पण ताशी सुमारे १३ जीबी लागत. तेव्हाच्या हार्ड डिस्कला ते झेपेना; मग डीव्हीडी करायची आणि त्याच कॅसेटवर पुढची जत्रा टिपायची.

२००३ साली एच.२६४ ही चित्र दाबण्याची नवी पद्धत आली आणि एक गोंधळ पक्का झाला. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची, म्हणजे फाइलच्या प्रकारांची, नावे, एमपेग-२, एच.२६४ हा आतला दाबलेला माल. डबा बदलताना माल जसाच्या तसा उचलता येतो. २०००मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या एफएफएमपेग या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘कॉपी’ हा पर्याय आहे. ओळखायची खूण सोपी: काम मिनिटा-दोन मिनिटांत उरकले तर डबा बदलला, पंखा घोंघावत तासभर चालले तर माल पुन्हा दाबला गेला. हँडब्रेक हा प्रोग्रॅम चित्र नेहमी नव्यानेच दाबतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कॉपीबंदीचे कुलूप नसलेल्या घरगुती डीव्हीडीच्या व्हीओबी फाइली एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने क्रमाने जोडून एका एमकेव्हीत ठेवाव्यात. एमपी४चा हट्ट नको. त्यात एमपेग-२ घातले तर बरेच मोबाइल ते चालवत नाहीत.

मोबाइलसाठी पुन्हा दाबावेच लागले तर एच.२६४ला सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १८ द्या. आकडा वाढवला की फाइल लहान, चित्र खराब. अर्धचित्रे सोडवताना, म्हणजे त्यांची पूर्ण चित्रे करताना (डीइंटरलेसिंग), सेकंदाला ५० चित्रे ठेवा, २५ नकोत. अजिबात सोडवली नाहीत तर हलत्या हातांना फणीचे दात फुटतात. ७२० बाय ५७६चे प्रमाण ४:३ नोंदवा, नाहीतर चेहरे लांबुळके होतात.

व्हीएचएस अजून घरात असेल तर ती संगणकावर एफएफव्ही१ या पद्धतीत घ्यावी. तोही २००३चाच, पण काहीही न गाळणारा. त्याआधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून पाहा. गोव्याच्या पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी भुकटी धरते, ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड माखते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते.