धूर निघतो कुठे, मोजायचा कुठे?

पीएमपी या पुण्याच्या शहर बससेवेच्या ताफ्यात 2019 मध्ये विजेवरच्या बस आल्या आणि 5 जून 2021 रोजी पुण्यातील तीन पंपांवर शंभर टक्के इथेनॉल विकण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. दोन्ही पर्यायांना स्वच्छ म्हटले जाते. मात्र त्यांतला अधिक स्वच्छ कोणता, हे सायलेन्सरपाशी उभे राहून ठरवता येत नाही. विजेच्या बसला सायलेन्सरच नसतो, आणि इथेनॉल जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. खरा हिशेब त्याच्या कितीतरी आधी, उसाला घातलेल्या युरियापासून, पाणी उपसणाऱ्या मोटारीपासून आणि औष्णिक केंद्रातल्या कोळशापासून सुरू होतो.

हा लांबचा हिशेब कायद्यात उतरवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कॅलिफोर्निया विद्यापीठाला जाते. 2007 मध्ये कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या सांगण्यावरून या विद्यापीठाच्या बर्कली संकुलातील अलेक्झांडर फॅरेल आणि डेव्हिस संकुलातील डॅनियल स्पर्लिंग यांच्या नेतृत्वाखालील गटाने असे सुचवले, की सरकारने अमुक इंधन चांगले असे ठरवून देऊ नये. उत्पादनापासून वापरापर्यंत एक मेगाज्यूल ऊर्जेमागे किती ग्रॅम हरितगृह वायू बाहेर पडतात ते मोजावे आणि ही सरासरी उतरवत नेण्याचे बंधन इंधन पुरवणाऱ्यांवर घालावे. 2009 मध्ये राज्याने तसा नियम संमत केला. 2020 पर्यंत दहा टक्के घट हे त्याचे उद्दिष्ट होते. दरम्यान 2008 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या टिमोथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मका इंधनाकडे वळला तर धान्यासाठी दुसरीकडे जंगल तोडले जाते. कॅलिफोर्नियाने तो भारही हिशेबात धरला. आकड्यांवरून भांडणे झाली, पण ती उघडपणे झाली, आणि मला हीच त्या नियमाची मोठी कमाई वाटते.

आता हेच माप पुण्याच्या बसला लावू. बारा मीटर लांबीची विजेवरची बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते. देशाच्या सामाईक वीजजाळ्यातील (ग्रिड) एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला जवळपास पावणेनऊशे ग्रॅम. लिटरला साडेतीन किलोमीटर धावणारी डिझेल बस तेवढ्याच अंतराला पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास सोडते; तेल काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा भार त्यात मिळवला, की बरोबरीच होते. स्वारगेटच्या चौकात श्वास घेणाऱ्याला मात्र विजेच्या बसचा फायदा निर्विवाद आहे. धूर कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राकडे गेलेला असतो. तिथल्या रहिवाशांचे मत अर्थातच वेगळे असेल.

ही बरोबरी मोडते ती चार्जिंगच्या वेळेमुळे. रात्री डेपोत भरलेली बॅटरी मुख्यतः कोळशावर भरते, दुपारी तिला सौरऊर्जेचा वाटा मिळू शकतो. केंद्राने 2023 मध्ये वीज ग्राहकांविषयीच्या नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत वीज स्वस्त ठेवण्याची तरतूद केली, ती याच दिशेची आहे. अडचण अशी, की बस दिवसाच रस्त्यावर असते. सकाळची गर्दी ओसरल्यावर संध्याकाळपर्यंत काही गाड्या थांबवता येतील. पण किती, हे चार्जरची संख्या, डेपोच्या वीजजोडणीची क्षमता आणि चालकांच्या पाळ्या यांवर ठरेल. फेऱ्यांचे वेळापत्रक आणि तासागणिक वीजनिर्मितीचे आकडे हाती असतील, तर शहरातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात पदव्युत्तर प्रबंधासाठी हे गणित मांडता येईल.